पावणेतेवीस अंश

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या कार्यालयात सगळे म्हणतात. असतोच. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या आकड्यांतल्या चुका काढायच्या आणि वर गोडही बोलायचं, हे मला एकदम जमत नाही. हवामान खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत मी बसते. कुठे पारा किती चढला, वारा कुठून आला, पाऊस किती पडला, अशा नोंदी ठिकठिकाणांहून येतात आणि त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मी ठरवते. लोक मला मागून 'चाळणी' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला आवडतं.

तर एके दिवशी दुपारी एक ते संध्याकाळी सात एवढ्या वेळात आमच्या भागात एकामागून एक टोर्नेडो उतरले. इशारे वेळेवर गेले, लोक तळघरांत शिरले, म्हणून जीव कोणाचा गेला नाही. छपरं मात्र शेकड्यांनी उडाली. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला एकच काम: टोर्नेडो किती, कुठे उतरले, कुठवर गेले, किती वाजता. रडारची चित्रं, विमानातून काढलेले फोटो, मोडलेल्या झाडांच्या याद्या, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडलं. टेबल दिसेनासं झालं आणि चहाचा कप मांडीवर ठेवायची वेळ आली.

तीन आठवड्यांत सगळं जुळलं. अडलं ते एकाच ठिकाणी. टोर्नेडो सोळा होते की सतरा?

नकाशावर पश्चिमेकडून नुकसानीचा एक पट्टा येत होता, अठरा किलोमीटर लांब. मग पाच किलोमीटर काहीच नाही. मग त्याच रेषेत पुढे दुसरा पट्टा, एकोणीस किलोमीटरांचा. मधल्या पाच किलोमीटरांत नुसतं नांगरलेलं रान. झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. मोडायलाच काही नाही, तर मोडणार काय? रडारवर ढगातली गरगर फिरणारी हवा सलग दिसत होती. पण आमचं रडार तिथून नव्वद किलोमीटरांवर. एवढ्या लांबून त्याला जमिनीच्या हजार मीटर वरचं दिसतं, खालचं नाही. टोर्नेडो सलग जमिनीवरून गेला असेल, तर तो एकच, बेचाळीस किलोमीटरांचा, आमच्या नोंदींतला सगळ्यात लांब. मध्ये उचलला गेला असेल, तर दोन. मग दुसरा उतरण्याआधी लोकांना सावध करायला किती मिनिटं होती, ते शोधायला हवं.

आमच्या संचालकांना एकच हवा होता. उत्साही गृहस्थ. अहवालाचं नावसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी माझ्या दारातून डोकं आत घालून "बेचाळीस किलोमीटर!" म्हणायचे, जणू तेवढं स्वतः चालून आले आहेत.

"सर, त्या रानाच्या कडेला आपलं एक केंद्र आहे," मी एके दिवशी म्हटलं. "तिथली साडेचारची कागदी नोंद आली की कळेल. रडारवर ती फिरणारी हवा बरोबर साडेचारला तिथे आहे."

"कोणाचं केंद्र?"

"माझ्या आत्याचं."

संचालकांचा चेहरा पडला. आत्याची नोंद म्हणजे दगडावरची रेघ, हे त्यांनाही माहीत होतं.

आत्या एकोणसत्तर वर्षांची आहे. पोस्टातून निवृत्त झाली, पण आमच्या खात्याची स्वयंसेवक निरीक्षक म्हणून कधीच झाली नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरात एकटी राहते. मागच्या अंगणात झडपांची पांढरी पेटी, पेटीत दोन तापमापक. आत भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं यंत्र, छपरावर वाऱ्याची दिशा सांगणारा पत्र्याचा कोंबडा. सकाळी साडेआठ आणि दुपारी साडेचार, रोज दोनदा नोंद. चाळीस वर्षांत एकही चुकलेली नव्हती. माझ्या लग्नात ती जेवणाआधीच उठून गेली, कारण बसला दीड तास लागायचा. पाय मोडला तेव्हा स्टुलावर बसून, स्टूल सरकवत सरकवत पेटीपर्यंत गेली. माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, म्हणायचे, "हिला काही सांगायचं असेल तर पत्र लिहून त्या पेटीत ठेवा."

अठरा तारखेला आमच्या मोठ्या सभागृहात तिचा सत्कार ठरला होता. चाळीस वर्षं अखंड नोंदी, असा मान त्याआधी कोणालाही मिळालेला नव्हता. आत्या वरवर म्हणायची, "कशाला ती थेरं?" पण मानपत्राचा मजकूर तिने फोनवर माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला होता आणि 'अखंड' हा शब्द आला की "हं, पुढे" म्हणायची.

मी या खात्यात आले ती तिच्यामुळेच. सात वर्षांची असताना तिने मला त्याच स्टुलावर उभं केलं होतं. "ठके, आधी कोरडा, मग ओला. ओल्याच्या टोकाला भिजलेली वात असते. पाणी उडतं, म्हणून तो गार राहतो. ओला कधी कोरड्याच्या वर जात नाही. गेला, तर वाचणारा चुकला." आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि ती मला अजून ठकी म्हणते.

आत्याच्या नोंदवहीत कार्बन घालून लिहितात. वरचं पान तिच्याकडे राहतं, खालचं महिन्याच्या शेवटी आमच्याकडे येतं आणि आमच्या टंकलेखिका ते संगणकात भरतात. ते भरून झालं, मी उघडलं, आणि त्या दुपारच्या साडेचारच्या ओळीवर लाल ठिपका. कोरडा २२.७५. ओला २४.५०.

ओला वर? आणि पंचाहत्तर शतांश? आमच्या तापमापकावर शतांश वाचायचे तर भिंग घेऊन बसावं लागेल. मी तडक खाली गेले आणि टंकलेखिकाबाईंना झाड झाड झाडलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कार्बनची प्रत माझ्यापुढे सरकवली.

पानभर आत्याचं किरटं अक्षर. त्या एका ओळीत मात्र गोल गरगरीत आकडे: २२¾ आणि २४½. पावणेतेवीस आणि साडेचोवीस. शेवटी सही आत्याची.

"मी त्याचे दशांश करून भरले," टंकलेखिकाबाई म्हणाल्या. "चुकलं का माझं?"

मी त्यांची माफी मागितली, तीही जरा घुश्शातच. मग जिना चढताना मध्येच थांबले. पाव, अर्धा, पाऊण अशा भाषेत मोजणारा माणूस आत्याच्या आसपास एकच होता. तिच्या शेजारचे शिंपी, मास्तर.

रविवारी बस धरली. वाटेत घरांवर निळी ताडपत्री, शिड्या, छपरांवर बसलेली माणसं आणि हातोड्यांचा आवाज. एका घराच्या दारावर कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'छप्पर सापडल्यास कृपया परत करावे'. आत्याच्या वस्तीत मात्र कौलसुद्धा हललेलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती.

"आत्या, त्या दिवशी साडेचारला तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"इथे म्हणजे नेमकी कुठे?"

"पेटीपाशी. साडेचारला आणखी कुठे असणार मी?"

"आणि तुला ओला कोरड्यापेक्षा पावणेदोन अंश जास्त दिसला?"

सुरी थांबली. मी प्रत पुढे ठेवली. तिने हात पुसले, चष्मा शोधला, ओळ वाचली, परत वाचली आणि उठून मागच्या दारात जाऊन अशी काही ओरडली, की शेजारची शिलाई मशीन बंद पडली.

"मास्तर! आधी कोरडा म्हणून बजावलं होतं ना तुम्हाला?"

आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मास्तर कुंपणाचं फाटक ढकलून आले. साठीपासष्टीचे, सडपातळ, गळ्यात टेप, सदऱ्याला चार टाचण्या. "अगं, तू कधी आलीस पोरी?" मला म्हणाले, आणि आत्याचा चेहरा बघून दारातच थबकले.

"मास्तर," मी म्हटलं, "साडेचारची नोंद तुम्ही घेतलीत?"

त्यांनी आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं.

"घेतली," ते म्हणाले. "ताईंची दाढ ठणकत होती ना. शहरात दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मला म्हणाल्या, परतीची बस चारला इथे पोचते, पण चुकून उशीर झालाच तर काही झालं तरी साडेचार. मग बस आलीच नाही, इशाऱ्यामुळे बंद ठेवलेली."

"कुठल्या डॉक्टरकडे गेली होतीस ग?" मी विचारलं. आत्याचे सगळे दात तिच्या तोंडात ठणठणीत आहेत, हे मला माहीत होतं.

आत्या बटाट्यांकडे बघत म्हणाली, "दुकानात गेले होते. कोट आणायला. सत्काराला घालायला काही धड नव्हतं."

मी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षांत एक नोंद चुकली नाही म्हणून सत्कार, आणि त्या सत्काराचा कोट आणायला गेली तीच नोंद चुकली. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. पण माझ्याआधी मास्तरच पेटले.

"कोट? तयार कोट?"

"मास्तर, ऐकून तर घ्या."

"तीस वर्षं तुमच्या भिंतीला लागून मशीन चालवतोय मी! तीस वर्षं!"

"तुमच्याकडे टाकला असता तर पुढच्या सत्काराला मिळाला असता. माझा उशीचा अभ्रा दोन वर्षं झाली तुमच्याकडे आहे."

"मी इकडे त्या सोंडेखाली उभा, आणि ताई तिकडे तयार कोट घालून आरशात बघतायत!"

"आरशात कुठली? दुकानाच्या तळघरात बसले होते, अंगावर दोनशे कोट घेऊन!"

हे असं पाच मिनिटं चाललं. सही कधी केली, तेही त्यातच कळलं. रात्री आठला आत्या घरी पोचली, तेव्हा पलीकडच्या गावातली, छपरं उडालेली चौदा माणसं तिच्या घरी येऊन बसली होती. त्या गर्दीत चष्मा सापडेना. ओळ भरलेली दिसली, तिने सवयीने सही ठोकली, आणि सकाळी लक्षात आलं तेव्हा सही खोडायचंच काय, ओळ वाचायचंही धाडस झालं नाही.

"मास्तर," मी मध्येच म्हटलं, "तुम्ही सोंड म्हणालात. काय बघितलंत तुम्ही?"

त्यांचा राग निवळला. बहुधा तोपर्यंत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. आत्याने त्यांना गुळणी धरायला लावली होती.

"भोंगा वाजत होता. सगळे तळघरात. मी पेन्सिल घेऊन पेटीपाशी. बघतो तर रानाच्या त्या टोकाकडून सोंड येतेय, खाली माती उडवत. माझी पाचावर धारण बसली. पण ताई म्हणाल्या होत्या, काही झालं तरी. मग पेटी उघडली, वाचलं, लिहिलं. वर बघतो तर ती बांधाशी आली, आणि डबकं आलं की बायका झग्याचा घोळ उचलतात ना, तशी अलगद उचलली गेली. वर ढगात गरगर चालूच. डोक्यावरून गेली. दोरीवर माझा सदरा होता, तो नुसता हलत होता. पेटीच्या दारावर ताईंनी वाऱ्याचा तक्ता चिकटवलाय, त्यात बघितलं. पानं हलतात, बारीक फांद्या हलतात, म्हणजे वाऱ्याचा जोर तीन. तीन लिहिलं."

पाच किलोमीटरांचं कोडं एका सदऱ्याने सोडवलं होतं. टोर्नेडो उचलला गेला होता. ते दोन होते. एकूण सतरा.

मग भानावर आले. नोंद खरी, सही खोटी. ज्याने बघितलं त्याची सही घेतली, की नोंद नियमात बसत होती. पण मग आत्याचं 'अखंड' गेलं. दुसरा मार्गही होता. कोरडा-ओला अदलाबदल होणं ही नेहमीची चूक, ती दुरुस्त करायचा अधिकार माझा. दोन आकडे इकडचे तिकडे केले की लाल ठिपका गेला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. पण त्यातही एक मेख होती. संचालक गुरुवारी स्वतः येणार होते. आपले बेचाळीस किलोमीटर एका ओळीवरून सोडायला ते तयार नव्हते. निरीक्षकाने काय बघितलं, ते त्यांना निरीक्षकाच्या तोंडून ऐकून, लिहून, सही घेऊन हवं होतं.

आत्याने सगळं ऐकलं आणि खुर्ची ओढून मास्तरांसमोर बसली.

"पहिल्यापासून सांगा. सावकाश. मी पाठ करते."

"आत्या, हे खोटं आहे."

"आकडे खरे आहेत ना?"

"आकडे खरे आहेत."

"बांधाशी उचललं, हे खरं ना? मग डोळे माझे होते की यांचे, याने त्या टोर्नेडोला काय फरक पडतो?"

याला उत्तर होतं माझ्याकडे. तेच उत्तर देऊन मी वर्षानुवर्षं लोकांच्या नोंदी बाद केल्या आहेत. पण अठरा तारीख दहा दिवसांवर आली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडे काहीतरी मागत होती. मी मूग गिळून बसले. चाळणीला एवढं मोठं भोक मी त्याआधी कधी पडू दिलं नव्हतं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे तीन दिवस शिकवणी चालली. फोन केला की मागे दोघांचे आवाज.

"घोळ उचलला असं नाही म्हणायचं, मास्तर. निरीक्षक असं बोलत नाहीत."

"मग कसं बोलतात?"

"जमिनीशी संपर्क तुटला."

"असं म्हटलं तर डोळ्यांसमोर काही येतच नाही, ताई."

"येऊ नये म्हणूनच तसं म्हणतात!"

गुरुवारी संचालकांच्या गाडीतून आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पुढची खोली झाडूनपुसून लख्ख. भिंतीवर दाबाचं यंत्र, कपाटात चाळीस नोंदवह्या, प्रत्येकीच्या कण्यावर वर्ष. आत्या नवा कोट घालून बसली होती. तपकिरी, मोठ्या बटणांचा. मास्तर 'शेजारी म्हणून' कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि त्या कोटाकडे बघायचं कटाक्षाने टाळत होते.

संचालकांनी रेकॉर्डर सुरू केला. आत्याने घसा साफ केला आणि धडाधडा म्हणायला लागली. साडेचारला चार मिनिटं कमी असताना मी मागच्या दाराने बाहेर आले. आकाश पूर्ण झाकलेलं, नैर्ऋत्येचा वारा, जोर तीन. आवाज कसला होता? शेतातला मोठा पंप चालावा तसा. रंग? खालून मातकट, वर करडा. मास्तर दर वाक्याला मान डोलवत होते. संचालकही नकळत पुढे सरकून बसले. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"वा," संचालक म्हणाले. "आता एकच." त्यांनी रानाचा मोठा नकाशा टेबलावर पसरला. "जमिनीशी संपर्क तुटला तो नेमका कुठे? तिथे टिंब करा. पहिल्याचा शेवट आम्ही त्या टिंबावर धरणार. तिथून पुढची मिनिटं मोजणार आणि पुढच्या वेळी भोंगा किती आधी वाजवायचा, ते त्यावरून ठरवणार."

त्यांनी पेन्सिल पुढे केली. आत्याने ती घेतली. नकाशावर बांध होता, अर्धा किलोमीटर लांब, सरळ रेषेसारखा. त्या रेषेवर कुठेही टिंब केलं असतं तरी त्या खोलीत कोणी हरकत घेणार नव्हतं. पेन्सिलीचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं. मास्तरांनी हळूच हाताने डावीकडे खूण केली. आत्याला ती दिसली. पेन्सिल तरीही हलेना.

मग तिने ती नकाशावर आडवी ठेवली.

"मला नाही माहीत."

"साधारण चालेल," संचालक म्हणाले.

"साधारण कसं चालेल? माणसं तेवढ्या मिनिटांत तळघरात जाणार आहेत ना? मी हे बघितलेलंच नाही, साहेब. मी इथे नव्हते. कोट घ्यायला शहरात गेले होते. सही माझी आहे, पण ती खोटी आहे. लिहून घ्या."

रेकॉर्डर चालूच होता. संचालकांनी माझ्याकडे बघितलं.

"मला रविवारीच कळलं होतं, सर," मी म्हटलं. "मी गप्प बसले."

"तू?" ते एवढंच म्हणाले. ते ऐकायला मला फार जड गेलं.

"पेन्सिल यांना द्या," आत्या मास्तरांकडे हात करून म्हणाली. "डोळे यांचे होते."

मास्तरांना नकाशा काही कळेना. त्यांनी तो उलटा धरला, मग आडवा. "बाहेर चला, तिथून दाखवतो," म्हणाले. आम्ही सगळे अंगणात गेलो. मास्तर पेटीपाशी जाऊन, त्या दिवशी उभे होते तसे उभे राहिले आणि बोट केलं. "बांधाला दोन खिंडारं आहेत बघा. डावीकडच्या खिंडाराच्या अलीकडे, हात लांब धरला तर चार बोटं." संचालकांनी होकायंत्र काढलं, दिशा घेतली, आणि नकाशावर टिंब पडलं.

"आणि पुढची सोंड उतरताना दिसली तुम्हाला?"

"दिसली की. वारा लिहिला, आत गेलो, भिंतीवरचा दाब वाचला, परत वाचला, चष्मा पुसला, लिहिलं, मागच्या दारात आलो, तर तिकडे लांब परत टेकलेली."

संचालकांचे डोळे लकाकले. "करून दाखवा!"

आणि मग भर दुपारी आमच्या खात्याचे संचालक घड्याळ हातात धरून अंगणात उभे, आणि मास्तर वारा लिहितायत, आत जातायत, चष्मा पुसतायत. पहिल्यांदा पाच मिनिटं पन्नास सेकंद. "चष्मा जरा कमी पुसला," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा सहा मिनिटं दहा. रडारवर ती फिरणारी हवा तेवढी वाट सहा मिनिटांतच कापत होती. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि मला नाचावंसं वाटलं.

"म्हणजे बेचाळीस नाहीत," संचालक म्हणाले. क्षणभर ते खरंच दुःखी दिसले. मग हसले. "सतरा. आणि सहा मिनिटं. हे कोणाकडेच नसेल."

आत्या पायरीवर बसली होती. संचालक तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. "अठरा तारखेचं... एकोणतीस हजार नोंदींत एक, बाई. मानपत्रात थोडा शब्द बदलून काही करता येईल."

"अखंड म्हणजे अखंड, साहेब. एक गेली की नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. "फार हौस होती मला त्याची. म्हणूनच एवढं पाठ करत बसले. पण सत्कार रद्द करा."

ती उठली, आत जाऊन नोंदवही घेऊन आली आणि पेटीच्या बाजूच्या फळीवर उघडून ठेवली. मी आणलेली प्रत खाली ठेवून कार्बन घातला. फूटपट्टी लावली आणि त्या ओळीतल्या स्वतःच्या सहीवर एक सरळ रेघ मारली. खाली नाव वाचता यावं एवढी पातळ. नोंदवहीत खोडरबर चालत नाही, हे तिनेच मला शिकवलंय.

"मास्तर, वर तुमची सही करा."

सोंड डोक्यावर असताना पाऊण अंश वाचणाऱ्या माणसाने सही करण्याआधी दोन्ही हात सदऱ्याला पुसले. सही झाल्यावर त्यांनी आकड्यांकडे बघितलं. "हे कोरडा-ओला बाण काढून बदलतो. आणि पावणेतेवीस? तुमच्यासारखं दशांशात लिहू का?"

"नको. तुम्ही पाऊण वाचलंत ना? मग पाऊणच राहू दे."

तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, चष्मा लावला आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. वारा, दाब, कोरडा, ओला.

"चांगली घेतलीत नोंद," ती म्हणाली.

मास्तर लहान मुलासारखे लाजले. मला एवढ्या वर्षांत ती कधी असं म्हणाली नव्हती, आणि मी तर खात्यात पंचवीस वर्षं काढलीत. मला एकदम रडू फुटलं. मी पुढे झाले आणि तिला मिठी मारायला गेले. तिने एका हाताने वही बाजूला ओढली.

"ठके, मागे हो," आत्या म्हणाली. "शाई ओली आहे अजून."